वैमानिकाचा कान आणि विणकराचा कान



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ता' असे छापले आहे आणि त्याखाली विषय दिला आहे तो वैमानिकांच्या आवाज मारणाऱ्या हेडफोनचा इतिहास. हे वाचून आपल्यापैकी काहींना छपाईत चूक झाली असे वाटले असेल. बोनस, कंत्राटी पद्धत, महागाई भत्ता हे सोडून हा गृहस्थ विमानात कशाला चढला, असे चिटणिसांनीही मला विचारले. त्यांना दिलेले उत्तरच आज जरा विस्ताराने सांगणार आहे.

मी इंजिनियर नाही. मॅट्रिकनंतर माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा यंत्राचे बारकावे मी सांगेन ते एखाद्या फिटरला समजतील इतपतच. परंतु एखादी वस्तू कोणासाठी झाली, केव्हा झाली आणि कोणासाठी झाली नाही, हे विचारावयाला इंजिनियर असावे लागत नाही. आजच्या विषयात मला तेवढेच विचारावयाचे आहे.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. लाकडी धोटा मिनिटाला सुमारे दोनशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली चालतात. तेथे शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर ओठांच्या हालचालीने आणि हातांच्या खुणांनी. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतील बायकांनीही अशीच ओठांची भाषा तयार केली होती. ती वाचनात आली तेव्हा मला वडिलांचीच आठवण झाली. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पण खुणा सुटल्या नाहीत. घरातही ते मोठ्याने बोलत, आणि आई दोनदा बोलली की तिसऱ्यांदा ती बोलण्याऐवजी हात करी. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. त्या वेळी त्यांचे वय पन्नासही नव्हते.

आता हे दुखणे वैद्यांना ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७०० साली प्रथम छापला गेला आणि १७१३ साली वाढवून निघाला. त्यात व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन आहे. दिवसभर तांबे ठोकून ठोकून हे लोक कमी ऐकू लागतात आणि म्हातारपणी ठार बहिरे होतात, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. आपल्या पुण्याच्या तांबट आळीतून जो कोणी गेला असेल त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. पुढे १८८६ साली ग्लासगोच्या थॉमस बार या कानांच्या डॉक्टराने बॉयलर बांधणारे शंभर कामगार तपासले. बॉयलरच्या पोटात बसून आत रिव्हेट धरावयाचे आणि बाहेरून घण पडावयाचा, असे ते काम. त्या शंभरांत धड कानाचा एकही निघाला नाही. इंग्रजीत या बहिरेपणाला 'बॉयलरवाल्याचा कान' असेच नाव पडले होते. रोगाला नाव मिळाले, उपाय मात्र मिळाला नाही. कापसाचा बोळा हीच काय ती संरक्षणाची तरतूद.

येथपर्यंत कामगाराची हकीकत झाली. आता विमानाकडे वळू.

सुरुवातीची विमाने उघडी असत. पुढे इंजिन गर्जत असे आणि वाऱ्याचा झोत कानांवर आदळत असे. पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिकाला शिक्षकाचे शब्द ऐकू येईनात, म्हणून १९१७ साली इंग्लंडात गॉसपोर्ट येथील विमानशाळेत एक साधी बोलनळी निघाली. शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या टोपीतील कानापर्यंत रबराची नळी, बस्स. त्याआधी १९१० च्या सुमारास अमेरिकेत यूटा संस्थानातील नॅथानिएल बाल्डविन या माणसाने घराच्या स्वयंपाकघरात बसून उत्तम हेडफोन बनविले होते. ते अमेरिकन आरमाराने घेतले आणि बिनतारी यंत्राबरोबर ही वस्तू पुढे विमानातही गेली. म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावर हेडफोन आला तो कान वाचविण्यासाठी नव्हे, हुकूम ऐकविण्यासाठी आला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यातून निघतो.

दुसऱ्या महायुद्धात हजारो बाँबफेकी विमाने उडू लागली तेव्हा सरकारला चिंता पडली, की एवढ्या गोंगाटात तासन् तास बसून वैमानिकाचे हातपाय आणि डोके नीट चालते की नाही? यासाठी १९४० साली हार्वर्ड विद्यापीठात स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक प्रयोगशाळा उघडली. तिच्या जोडीला लिओ बेरानेक याची ध्वनियंत्रांची प्रयोगशाळा होती. माणसांना विमानाएवढ्या आवाजात बसवून त्यांच्याकडून कामे करवून घेतली. निष्कर्ष असा निघाला की, हातांचे काम गोंगाटाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते ऐकणे. एकमेकांचे शब्द कळत नाहीत आणि कान काही काळ बधिर होतात. मग चांगले मायक्रोफोन, चांगले हेडफोन आणि कानाभोवती घट्ट बसणाऱ्या मऊ गाद्या यांवर काम सुरू झाले. युद्धानंतर वैमानिकांसाठी 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही अक्षरांची नावे ठरली आणि १९५६ साली आजच्या रूपात पक्की झाली. गोंगाटातही एक अक्षर दुसऱ्यासारखे ऐकू येऊ नये, हाच तिचा हेतू.

या सुमारास एक निराळीच कल्पना पेटंटाच्या कागदांत पडून होती. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ सालीच जर्मनीत पॉल ल्यूग याने एक अर्ज दिला होता. त्याचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले. कल्पना अशी, की आवाजाला भिंतीने अडविण्याऐवजी दुसऱ्या आवाजानेच मारावे.

हे ऐकून आपण हसाल. भांडणाऱ्या दोघांत तिसरा ओरडला म्हणून कधी शांतता झाली आहे काय? पण झोपाळ्याचा दाखला घ्या. झोपाळ्यावरचे मूल पुढे येत असता नेमक्या त्याच क्षणी आणि तेवढ्याच जोराने त्याला मागे रेटले, तर झोपाळा थांबतो. क्षण चुकला आणि मूल मागे निघाल्यावर रेटा दिला, तर झोपाळा थांबण्याऐवजी अधिकच उंच जातो. आवाज म्हणजे हवेचा असाच झोका आहे. ढोलाचे कातडे बाहेर आले की हवा दाबली जाते, आत गेले की विरळ होते, आणि हे दाबणे-सोडणे कानापर्यंत पोहोचते. आता मायक्रोफोनने हा झोका पकडावा, विजेच्या यंत्राने तो उलटा करावा आणि स्पीकरमधून सोडावा. जेथे मूळ आवाज हवा दाबतो तेथे हा उलटा आवाज ती सैल करतो. दोघांची बेरीज जवळजवळ शून्य. ल्यूगने हे कागदावर दाखविले. व्यवहारात मात्र ते साधेना, कारण सारी करामत क्षण साधण्यात आहे, आणि त्या काळच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना तो साधण्याइतकी चपळाई नव्हती.

१९५३ साली आर.सी.ए. कंपनीच्या हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी हीच युक्ती पुन्हा हाती घेतली आणि विमानातील खुर्चीच्या डोक्याजवळ आवाज शोषणारे यंत्र बसविता येईल असे सुचविले. १९५४ साली लॉरेन्स फोगेल याने हेलिकॉप्टर आणि विमानांतील गोंगाटावर पेटंटासाठी अर्ज केला. ते त्याला १९५८ साली मिळाले. याच दशकात विलार्ड मीकर याने अमेरिकन वायुदलासाठी कानावर बसणाऱ्या अशा झाकणाचा नमुना प्रयोगशाळेत चालवून दाखविला. तरी नमुना तो नमुनाच राहिला. यंत्रे जड होती, नाजूक होती, आणि वैमानिकाच्या डोक्यावर कपाट तर ठेवता येत नाही.

मधल्या काळात साध्या बुद्धीनेच काम भागविले. वूस्टर गावचा डेव्हिड क्लार्क हा मूळचा विणकामाचा धंदेवाला, बायकांचे आतले कपडे विणणारा. युद्धात त्याने वैमानिकांसाठी घट्ट पोशाख विणले आणि पुढे त्याचीच कंपनी कानांची झाकणे करू लागली. १९७५ साली तिने बाहेरचा आवाज अडविणारा वैमानिकांचा हेडफोन बाजारात आणला. त्यात विजेची जादू काही नाही. जाड कवच, आत फेस, कडेला गादी. हिरव्या रंगाची ती झाकणे लहान विमानांत घरोघरच्या स्टोव्हसारखी पसरली. पण या झाकणाला एक मर्यादा आहे. बारीक, किनरा आवाज ते चांगला अडविते. इंजिनाची खोल घरघर मात्र त्यातून आत शिरते. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतो असे धरा. म्हणजे सेकंदाला ४० फेरे आणि पात्यांचे ८० फटके. या खर्जाच्या आवाजाची एक लाट सव्वाचार मीटर लांब असते. ती तेवढ्याशा झाकणाला काय जुमानणार?

आणि नेमकी येथेच ल्यूगची युक्ती उपयोगी पडते. लाट जितकी लांब आणि संथ, तितका यंत्राला क्षण साधावयाला वेळ अधिक.

हे ज्याने तडीस नेले त्या माणसाचे घराणे आपल्या देशातले आहे. कलकत्त्यात शिकणारा ननीगोपाल बोस हा तरुण ब्रिटिश सरकारविरुद्धच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि १९२० साली निसटून अमेरिकेत पोहोचला. त्याचा मुलगा अमर १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मला. युद्धात बापाचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावीत होता. पुढे तो एम.आय.टी. या नामांकित संस्थेत प्राध्यापक झाला आणि १९६४ साली त्याने आपली कंपनी काढली. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला येताना विमान कंपनीने दिलेले हेडफोन त्याने कानाला लावले. इंजिनाच्या घरघरीत गाणे काही ऐकू येईना. मग त्याने तेथेच कागद काढून गणित मांडले आणि विमान उतरेपर्यंत उपायाचा आराखडा तयार केला.

त्या आराखड्यातून विक्रीची वस्तू तयार व्हावयाला अकरा वर्षे लागली. मधेच १९८६ च्या डिसेंबरात डिक रुटान आणि जीना यीगर यांनी 'व्हॉयेजर' नावाच्या विमानाने कोठेही न उतरता आणि हवेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवस ती दोघे इंजिनांमधल्या नळकांड्यासारख्या खोलीत होती. एवढ्या वेळात कान कायमचे जातील ही भीती खरी होती, म्हणून बोसच्या कंपनीने त्यांना आपले नमुन्याचे हेडफोन दिले. १९८९ साली ते वैमानिकांना विकावयास निघाले. तिकडे जर्मनीतही लुफ्तान्झाने १९८४ साली सेनहायझर कंपनीकडे आपल्या वैमानिकांसाठी हीच मागणी केली होती आणि १९८७ साली त्या कंपनीचा हेडफोन पुढे आला. पहिला मान कोणाचा, हा वाद त्या दोन कंपन्यांनी मिटवावा. २००० साली ही वस्तू विमानातील उतारूंसाठीही निघाली, आणि आज लोकलमध्ये उभा राहिलेला तरुणही ती कानाला लावून डुलकी काढतो.

इतिहास सांगून झाला. आता त्याचा अर्थ लावू.

तांबटाच्या बहिरेपणाची नोंद १७१३ ची. वैमानिकाच्या कानांसाठी प्रयोगशाळा उघडली १९४० साली आणि उपाय हाती आला पन्नास वर्षांच्या आत. तांबट, बॉयलरवाला आणि विणकर यांना तर दोन शतकांवर थांबावे लागले. असे का? माझ्यासारखा माणूस चटकन म्हणेल, भांडवलशाही. एका सभेत मी तसे म्हटलेही होते. तेव्हा एका जुन्या फिटरने उठून मला विचारले, "साहेब, तो हेडफोन साच्यावर चालला असता का?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी वाचू लागलो.

त्या फिटरचे म्हणणे बरोबर होते. धोट्याचा फटका, पत्र्यावर पडणारा प्रेस, घणाचा ठोका हे आवाज क्षणात येतात आणि त्यांत किनरा भाग मोठा असतो. सेकंदाला ४००० कंपनांची लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटर लांब. तेथे क्षण साधणे उलट्या आवाजाला कठीण, साधे जाड झाकणच अधिक उपयोगी. शिवाय वैमानिकाच्या डोक्यावर हेडफोन आधीच होता, त्यात सुधारणा करावयाची होती. विणकराच्या डोक्यावर टोपीच होती. म्हणून बोसचा हेडफोन कामगाराला का दिला नाही, ही तक्रार मी मागे घेतो.

पण मग तक्रार उरतच नाही काय? उरते, आणि ती अधिक जड आहे. कामगाराला लागणारा उपाय वैमानिकाच्या उपायापेक्षा कितीतरी सोपा होता. जाड झाकण, यंत्राभोवती पेटी, पायाखाली रबर, ढिल्या पत्र्याला आवळून घेणे आणि कामाच्या जागा वरचेवर बदलणे. याला ना ल्यूगचे पेटंट लागत होते, ना अकरा वर्षांचे संशोधन. तरी तो झाला नाही, कारण वैमानिकाला ऐकू आले नाही तर विमान पडते आणि विणकराला ऐकू आले नाही तरी कापड निघते. पहिल्याचा कान यंत्राचा भाग होता आणि दुसऱ्याचा कान त्याच्या घरचा होता. हार्वर्डच्या निष्कर्षाकडे पुन्हा पाहा. गोंगाटाने हातांचे काम बिघडत नाही! ज्याला फक्त हात हवे होते त्याला कानाची चिंता कशाला वाटावी?

कायदा आला, पण उशिराने. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा सर्व कारखान्यांना लागू झाली. डेसिबलचा हिशेब रुपयांसारखा नव्हे. ९० चे १०० झाले म्हणजे कानावर पडणारी शक्ती दहापट होते. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्यात, जे रोग सरकारला कळविलेच पाहिजेत त्यांच्या यादीत, आवाजाने येणारे बहिरेपण पुढे दाखल झाले. साचेखात्यात शंभराच्या आसपास आवाज असे, हे लक्षात घेतले म्हणजे ती नोंद किती पिढ्यांना उशिरा झाली ते समजेल.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगावयाला मला बरीच वर्षे लागली आहेत. दोष सगळा मालकांच्या पदरात घालून व्यासपीठावरून उतरणे सोपे आहे.

१९९८ साली पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात आमच्या युनियनचा करार चालू होता. प्रेस खात्यातील आवाजाचा प्रश्न मीच मांडला होता. व्यवस्थापनाने दोन पर्याय ठेवले. एक, प्रेसभोवती पेट्या आणि प्रत्येकाला कानांची चांगली झाकणे, टप्प्याटप्प्याने तीन वर्षांत. दुसरा, त्या खात्यातील प्रत्येकाला दरमहा साठ रुपये 'आवाज भत्ता', पुढच्याच महिन्यापासून. मी सभेत दोन्ही वाचून दाखविले. सभा एकमुखाने भत्त्याच्या बाजूने झाली. मी विरोध केला नाही, उलट हा विजय म्हणून दाराबाहेर फलक लिहिला. मला हार घातला त्याचे छायाचित्र कचेरीत पुष्कळ दिवस होते.

बारा-तेरा वर्षांनी त्याच खात्यातील एक सभासद मजकडे आला. त्याला निवृत्तीच्या हिशेबाची चौकशी करावयाची होती. बोलता बोलता तो म्हणाला, "भाऊ, गंमत बघा. फोरमन ओरडला की मला कळतंय. पण घरी नात बोलते, ते मला कळतच नाही. तिचं तोंड हललेलं दिसतं." यात गंमत काही नव्हती. गोंगाटाने कानाचा प्रथम जो भाग मरतो तो किनऱ्या आवाजाचा. मुलांचे आवाज, बायकांचे आवाज, शब्दातले 'स', 'श', 'फ' हे आधी जातात, आणि फोरमनचा जाड आवाज शेवटपर्यंत राहतो. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. तो मनुष्य गेल्यावर मी भिंतीवरचे छायाचित्र उतरविले. दरमहा साठ रुपयांना आम्ही त्याच्या नातीचा आवाज विकला होता, आणि दलाल मी होतो.

तेव्हापासून भत्ता आणि बचाव असे दोन पर्याय समोर आले की मी सभेला आधी ही हकीकत सांगतो. कधी सभा ऐकते, कधी ऐकत नाही. साठ रुपये पुढच्या महिन्यात दिसतात, नात बारा वर्षांनी दिसते. घरात चूल पेटवावयाची असते तेथे माणसाला दोष देववत नाही. म्हणूनच हा पर्याय कामगारापुढे ठेवलाच जाऊ नये असे माझे मत झाले आहे. लुफ्तान्झाने हेडफोनची मागणी केली. आपल्या वैमानिकांना तिने बहिरेपणाचा भत्ता देऊ केल्याचे मी कोठे वाचले नाही.

जाता जाता एक व्यवहाराची सूचना. बाजारात मिळणारा आवाज मारणारा हेडफोन ही प्रवासाची सोय आहे, कारखान्यातील संरक्षणाचे साधन नव्हे. आपला मुलगा प्रेसवर किंवा जनरेटरजवळ कामाला असेल, तर त्याला तेथे लागणारी झाकणे मिळतात की नाही, आणि त्याच्या कानांची वर्षातून एकदा तपासणी होते की नाही, हे विचारा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे असे खुशाल समजा. त्याला यंत्र लागत नाही.

अमर बोस २०१३ साली वारला. त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुलाबद्दल मला आदर आहे. गाणे ऐकू येईना म्हणून त्याने कागद काढला. त्याच वर्षी, १९७८ साली, माझे वडील रोज पाळीवर जात होते. त्यांनाही घरी आल्यावर आईचे बोलणे ऐकू येत नव्हते. त्यांच्यासाठी कागद काढावयाचे काम कोणा प्राध्यापकाचे नव्हते, ते युनियनचे होते. आम्ही ते उशिरा हाती घेतले आहे.